परत-बोला बाई

विमानतळाच्या टॉवरमध्ये तिला सगळे ‘परत-बोला बाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण एवढ्याशा काचेच्या खोलीत पाठीमागचं कानावर यायला कितीसा वेळ लागणार! खालच्या पायलटला तिने रेडिओवर ‘रेषेअलीकडे थांबा’ म्हटलं, की तो ते जसंच्या तसं परत म्हणेपर्यंत ती पुढे हलायची नाही. नियमच आहे तो. पण घाईतले पायलट नुसतं माईकचं बटण दोनदा दाबत. टिक-टिक. म्हणजे, कळलं हो, डोकं खाऊ नका. बाकीचे कंट्रोलर त्यावर भागवून घेत. ही मात्र म्हणायची, टिकटिक मला नको, तोंडाने बोला.

घरीही तेच. दूध आणायला निघालेला नवरा किती आणि कुठलं ते दारातून म्हणून दाखवायचा, मगच चप्पल घालायचा. धाकटा दीर तर स्वतःच पायलट, कॅप्टनच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला. जेवताना वहिनीची नक्कल करून तो सासूबाईंना हसवायचा. तीही हसायची. दिराच्या थट्टेचं काय मनावर घ्यायचं? पण हा पठ्ठ्या थट्टेवर थांबला नाही. चार पायलट गोळा करून टॉवरच्या साहेबांकडे गेला आणि सांगून आला, की बाईंमुळे विमानांची रांग लागते. साहेबांनी चहा पिता पिता तिला समजावलं, जरा सैल सोडा, ती काय शाळेतली मुलं आहेत? तिने सोडलं. रोज उठून सगळ्यांची वाकडी तोंडं बघत नोकरी करणं सोपं नसतं हो.

मग ती सकाळ आली. एक विमान उड्डाणासाठी रेषेवर थांबलं होतं. उतरणारं विमान बाहेर पडलं की धावपट्टीवर या, असं तिने त्याला मघाशीच सांगितलेलं. ते उतरणारं विमान दिराचं. ते वळून बाहेर पडलं तसा तिने दिराला पुढचा रस्ता सांगितला. तेवढ्यात मागोमाग आणखी एक विमान खाली येताना दिसलं, म्हणून उत्तराची वाट न बघता तिने रेषेवरच्याला सांगितलं, थांबा, अजून एक उतरतंय.

टिक-टिक. आलं उत्तर. ती दुसऱ्या कामाला लागली.

पुन्हा मान वर केली तेव्हा थांबायला सांगितलेलं विमान पट्टीच्या मधोमध होतं आणि उतरणारं जवळजवळ त्याच्या डोक्यावर. ‘वर घ्या, वर घ्या’ एवढंच ती बोलली. त्या पायलटने घेतलं, देव त्याचं भलं करो. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

चौकशी बसली. रेषेवरचा पायलट म्हणाला, मी बटण दाबलंच नाही, मी तेव्हा प्रवाशांना सूचना देत होतो, मला थांबा ऐकूच आलं नाही, आधी सांगितलं होतं तसा पट्टीवर आलो. खरंच बोलत होता बिचारा. ती टिकटिक दिराची होती, त्याला सांगितलेल्या रस्त्याला उशिरा दिलेलं उत्तर. तिला ते तिथेच उमगलं. चौकशीवाल्यांना मात्र टेपवर नुसती खरखर ऐकू आली. बाईंनी उत्तर मनानेच बनवलं, असं त्यांचं मत पडत चाललं. साहेबांना विचारलं तर त्यांनी हात वर केले. सैल सोडा? छे, मी कशाला असं सांगेन? ते बटण आपण दाबलं एवढं एका माणसाने कबूल केलं असतं, तर ताकीद मिळून तिची टॉवरची खुर्ची वाचली असती.

तिने दिराला गॅलरीत गाठलं.

“भाऊजी, ती टिकटिक तुमची होती. एवढंच सांगा त्यांना.”

तो बुटाची नाडी सोडवत राहिला. मग म्हणाला, “वहिनी, माझं कॅप्टनचं आता अगदी तोंडाशी आलंय. आणि टिकटिकीवर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?”

नवऱ्याने दोन्ही डगरींवर पाय ठेवले. सासूबाई म्हणाल्या, घरातल्या घरात कशाला वाढवायचं? वाढवायचं! जसं काही तिनेच भांडण उकरून काढलं होतं. मेल्या एका शब्दाचा तर प्रश्न होता.

तिचं लायसन्स गेलं. आता ती तळमजल्यावर, कर्मचाऱ्यांचे पास बनवतात त्या खोलीत बसते आणि लोकांना हनुवटी जरा वर करायला सांगून फोटो काढते. खोलीला खिडकी नाही. विमानं नुसती ऐकू येतात. वर टॉवरमध्ये साहेबांनी सक्ती केली आहे, प्रत्येक पायलटने प्रत्येक सूचना परत बोललीच पाहिजे. टिकटिक पार बंद. सगळे निमूट बोलतात, दीरसुद्धा.

तो कॅप्टन झाला त्या दिवशी घरात सगळे एकत्र जेवायला बसले. ती वाढत होती. त्याने मोठ्या आनंदात हाक मारली, “वहिनी, आज तरी काही बोला की आम्हाला!”

तिने वाढण्याचा डाव खाली ठेवला आणि त्याच्या ताटाच्या कडेवर नखाने दोनदा वाजवलं. टिक-टिक.

सासूबाईंना ती थट्टाच वाटली, त्या खळखळून हसल्या. दीर घास हातात धरून तसाच बसून राहिला. ती नवऱ्याच्या ताटात वाढायला पुढे सरकली.