रायफलीची बैठक

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि शांतपणे घरी जावे एवढीच इच्छा होती. शुक्रवारी सकाळी ठाणे अंमलदार धावतच केबिनमध्ये आला. कुणीतरी फोनवर नाव न सांगता बातमी दिली होती: "कसबा बावड्यात उसाच्या रानातल्या शेडमध्ये आज रायफलीची बैठक हाय. बैठक पक्की झाली की नेम चुकायचा न्हाय."

बैठक, रायफल आणि नेम! आम्हाला लगेच टोळी दिसली. स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना कळवले, दोन पंच घेतले आणि भर उन्हात छापा टाकला.

शेडमध्ये पंचविशीची एक मुलगी होती. टेबलावर शिकंज्यात आवळलेली रायफल.

"बैठकीला कोण कोण होतं?" मी दरडावले.

"मी आणि रायफल."

"बाकीचे कुठं पळाले?"

"कोण बाकीचे? अवो सायेब, ही तसली बैठक न्हवं!"

बराच वेळ आमचे असेच चालले. मी माणसे विचारत होतो, ती लाकूड दाखवत होती. शेवटी उलगडा झाला. मुलगी नेमबाज होती. रायफलीचा लोखंडी भाग लाकडी दस्त्यात किंचित जरी हलला तरी नेम सरकतो. म्हणून दस्त्याच्या खोबणीत रेझिनचा लगदा भरायचा, त्यावर लोखंड बसवायचे आणि लगदा घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. ही तिची बैठक. रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती आणि वर्षभराची मेहनत त्या एका दिवसावर होती.

"परवाना?"

"माझ्याच नावावर हाय. घरी आबांकडं."

तिने वडिलांना बोलावून घेतले. आबा आला तो हात हलवत. "परवाना सापडंना, सायेब. कायदा म्हंजे कायदा. रायफल न्या की तुम्ही. दोन-चार दिसांत आणून देतो परवाना."

मुलगी बापाकडे बघतच राहिली. नोकरीत मी जप्तीला रडणारे बाप पाहिले, भांडणारे पाहिले. आग्रह करणारा हा पहिलाच. पण परवान्याशिवाय शस्त्र सोडता येत नव्हते. मी हवालदाराला रायफल काढायला सांगितले. त्याने स्क्रूला हात घातला मात्र, आबा ओरडला, "आरं, हात लावू नगंस! आत्ता काढलीस तर बैठक मोडंल!"

हवालदार थबकला. मी मुलीला विचारले, "सगळे नेमबाज याला बैठकच म्हणतात?"

"न्हाय. सगळी बेडिंग म्हणत्यात. बैठक हा आबांचा शब्द. आम्ही दोघंच म्हणतो."

मी ठाणे अंमलदाराकडून बातमीदाराचा नंबर घेतला आणि तिथेच लावला. आबाच्या सदऱ्यात फोन वाजू लागला. सराईत गुन्हेगार निदान दुसऱ्याचा फोन तरी वापरतो!

मग चौकशीला वेळ लागला नाही. परवानाही त्याच सदऱ्याच्या आतल्या खिशातून निघाला. "रविवारी हिला बघायला पावणं येणार हायत. स्थळ चांगलं हाय, सायेब. ही ऐकंना. म्हटलं, रायफल तुमच्याकडं ऱ्हाईल, पोरगी घरात ऱ्हाईल."

पोलीस ठाणे म्हणजे याला माळा वाटला होता, नको ती वस्तू टाकायला! पंच घामाघूम, माझी माणसे उपाशी, आणि वरिष्ठांचे फोनवर फोन. मी तोंडाला येईल ते बोललो.

"न्यायची व्हती तर मग वरडलासा कशाला?" मुलीने विचारले.

"न्हेऊ दे म्हटलं व्हतं," आबा म्हणाला. "मोडू दे म्हटलं न्हवतं."

त्यानंतर मी कुणालाही तपास शिकवताना एकच सांगत आलो. बातमीत एखादा विचित्र शब्द आला तर तो कुणाच्या तोंडचा आहे ते आधी शोधा. घरचा माणूस आपल्याकडे येतो तो बहुधा घरातल्याच कुणालातरी अडवायला, आणि बोलताना घरचाच शब्द वापरून जातो.

खोट्या बातमीबद्दल बापावर गुन्हा नोंदवू का, असे मी मुलीला विचारले. तिने मान हलवून नको म्हटले. आबाला हायसे वाटले. इतकी वर्षे प्रत्येक स्पर्धेला तोच तिला मोटारसायकलवरून नेत असे. त्याच सवयीने तो म्हणाला, "पावण्यांचं बघतो मी. रविवारी पहाटं गाडी काढतो."

मुलीने रायफलीवरची नजर हलवली नाही.

"नगो, आबा. मी येस्टीनं जाणार."