कान्ह्याचा डबा आणि मधुकरभाऊजी

सुनंदाचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाली. सकाळचा चहा घेऊन मधुकरभाऊजी खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायलाही लाज वाटते... आता कान्ह्याचा डबा बंद पडला तर? दीर गेल्याचं रडू नंतर आलं, तळेगावला जाताना, कामशेत मागे पडल्यावर.

हा डबा म्हणजे फुलशेती करणाऱ्या बबनरावांच्या पॉलिहाऊसमधला. कान्हे गावाजवळ त्यांचा जरबेरा आहे. ऊन वाढलं की फवारे सोडायचे, बाजूचे पडदे वर घ्यायचे, हे काम भिंतीवरचा एक डबा करतो. एप्रिलच्या दुपारी तासभर जरी तो अडला तरी फुलं माना टाकतात, आणि बबनरावांचं घर चालतं ते त्या फुलांवर. आधीचा मोठा डबा उन्हानं तापून बंद पडायचा, म्हणून भाऊजींनी एक जुनी, चिवट चिप निवडली. तिची मेमरी इतकी तोकडी की नातवाच्या फोनमधला एक फोटो तिच्यात धड मावला नसता. आणि त्यात बसवायचं होतं कर्नल. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कुणाला कधी काम द्यायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम. तो लिहिलेला असतो जगातल्या हरतऱ्हेच्या यंत्रांसाठी. प्रिंटर, कॅमेरा, माईक, सगळ्यांची सोय त्यात. चार दिवस माहेरी निघालेल्या बाईनं रुखवतासकट अख्खा संसार बांधून घ्यावा तसं. त्यातलं नको ते काढत काढत त्याला बारीक करायचं, हे भाऊजींचं आणि माझं काम.

मी तेव्हा तरुण होते, एकसष्टची. जन्मभर पुण्याच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहून नुकतीच निवृत्त झालेली, आणि आपल्याला सगळं येतं या खात्रीनं फुगलेली. भाऊजींची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट काढायची, मग दिवसभर चिप चालवून बघायची, दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी. मला ते बघवायचं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, या चालीनं तुमचं कर्नल बारीक होण्याआधी मी बारीक होईन." चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तेवढा वेळ नाहीये हो आपल्याकडे, वहिनी."

शेवटी थोडीशीच जागा कमी पडत होती. भाऊजी चार दिवस मुलीकडे गेले होते. मी शोधून काढलं की कर्नलला काही अडचण आली की ते जी वाक्यं बोलतं, अमुक सापडत नाही, तमुक संपलं, त्या वाक्यांनीच केवढी तरी जागा खाल्ली आहे. यंत्रानं बडबड कशाला करायची? काढून टाकली सगळी. कर्नल मावलं. त्या दिवशी मी स्वतःसाठी शिरा केला होता, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी बबनरावांचा फोन आला. "मावशी, डबा बोलंना. लाईट हाय, पन काय बी करंना. पानी सुटंना." त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं हातात पाइप धरून जरबेरा कसाबसा वाचवला. बिघाड काय होता ते सांगायला डब्याला तोंडच नव्हतं, मीच ते शिवलं होतं. भाऊजींनी वाक्यं परत घातली, जागा वाचावी म्हणून तोडून तोडून, रोमन अक्षरांतली दोन-तीन शब्दांची मराठी केली, आणि आठ दिवस डब्यासमोर बसले. शेवटी कळलं की रोजच्या तापमानाची नोंद ठेवणारा, मी मोठ्या हौसेनं लिहिलेला भाग मेमरी खात खात फुगला होता. भाऊजींनी त्याला वेसण घातली. मला रागावले नाहीत. "पोटाला चिमटा घेईल ते कर्नल," म्हणाले, "पण न सांगता जायला नको."

शेवटची भेट झाली तेव्हा भाऊजी डावा खांदा चोळत होते. मी विचारलं. "काही नाही, पत्र्याचं गेट उचललं जरा," म्हणाले. आणि मी ते ऐकून घेतलं...

तेराव्यानंतर आठवडाभरात बबनराव फोनवर होते. डब्यावर अक्षरं उमटली होती: 'SENSOR 2 GAP', म्हणजे दुसरा सेन्सर गप. तापमान मोजणारा तसला सेन्सर आता मिळत नाही. नवा मिळाला, पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम आत घ्यायचा तर काहीतरी बाहेर काढायला हवं, आणि विचारायला कुणी नाही. लॅपटॉप घेऊन मी कान्ह्याला गेले. बाहेर ऊन चढत होतं, बबनरावांची बायको पाइप घेऊन तयारच उभी होती. तिला माझ्यापेक्षा माझा अनुभव जास्त. मग मी भाऊजींसारखं केलं. दिवसाला एकच गोष्ट. पहिल्या दिवशी चुकलं, परत घातलं. दुसऱ्या दिवशीही चुकलं. तिसऱ्या दिवशी माझी ती लाडकी तापमानाची नोंदवही आणि तिच्यापायी कर्नलमध्ये ठेवलेली सोय काढून टाकली. ती आजवर कुणी वाचलीच नव्हती. नवा सेन्सर मावला. दिवसभर क्रेटवर बसून राहिले. फवारे वेळेवर सुटत होते, तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

साडेबाराला बबनरावांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. "सवय मोडंना," ते म्हणाले. "भाऊंचा फोन यायचा न्हवं या टायमाला. रोज. डबा बोलतोय का इचारायचं, अन् ठिवायचं."

रोज. इतकी वर्षं. मी कितीदा विचारलं होतं, भाऊजी, डब्याची काळजी वाटत नाही का? "छे, निवांत असतो मी," हे ठरलेलं उत्तर.

आता साडेबाराला मी फोन करते. घरी सगळे हसतात, हसोत. गेल्या गुरुवारी मात्र दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत अडकले. बाहेर येऊन बघते तर बबनरावांचे तीन मिस्ड कॉल. पायरीवरच बसले आणि फोन लावला. "काय झालं बबनराव? डबा बंद पडला का?"

"डबा बरा हाय वो," बबनराव म्हणाले. "तुमचा फोन न्हाई आला, म्हनून केला. तुमी बऱ्या हाय ना?"

बरी आहे, असं म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं...

"नाही हो," मी म्हटलं. "दाताच्या डॉक्टरांच्या पायरीवर बसलेय, दाढ फार ठणकतेय. आणि परवापासून जरा धापही लागतेय."

"मंग तितंच बसा," ते म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरकडं जायाचंय आपल्याला. मी गाडी काढतोय."