कानामागचे पाच टाके

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या डोक्याचं माप तिला ठाऊक नव्हतं. शिलाईच्या दुकानात कटिंग तिच्याकडे, म्हणून काजवाली आणि इस्त्रीवाली या दोघी मैत्रिणी तिला ‘मास्तर’ म्हणत. कॅन्सरच्या औषधांनी केस मुठीमुठीने हातात येऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, "एकदाचे काढूनच टाका."

थोरल्या भावाला मात्र तिने दोन महिने काही कळू दिलं नव्हतं. दादा हळवा, तिला साधा ताप आला तरी त्याला घास उतरत नसे. दर रविवारी फोनवर ती "मजेत आहे" एवढंच म्हणे.

दुपारी शटर अर्धं ओढून इस्त्रीवालीने नवऱ्याचं दाढीचं मशीन चालवलं आणि थबकली. "अगं, उजव्या कानामागे टाके आहेत! पाच."

"माझ्या? छे!"

काजवाली चष्मा चढवून वाकली. "पाचच. आणि काय गं हे काम! एक वर, एक खाली. असा कारागीर मी दारात उभा केला नसता."

मास्तरला राहवेना. एक आरसा पुढे, एक मागे धरून तिने मान वळवून वळवून पाहिलं. टेपही लावला. सव्वा इंच! साठ वर्षं आपण ही खूण डोक्यावर घेऊन फिरतोय आणि आपल्यालाच पत्ता नाही?

"हिच्या जिभेला वैतागून कुणीतरी पाटी घातली असेल डोक्यात," इस्त्रीवाली म्हणाली. मास्तर पोट धरून हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिने टेप गुंडाळून ठेवला. आई तर गेलेली. आता सांगू शकेल असा एकच माणूस होता.

"लाव फोन," काजवाली म्हणाली. "फक्त खुणेचं विचार."

तिने फोन स्पीकरवर ठेवून विचारलं.

"टोपलीत बसवून जिन्यावरून मीच सोडलं होतं तुला," दादा म्हणाला. "राणीची गाडी म्हणून. आईला सांगितलं, तू आपणहून पडलीस. तुला तेव्हा कुठे धड बोलता येत होतं!"

हसू दाबायला इस्त्रीवालीने हाताशी आलेली सुटी बाही तोंडात कोंबली.

"पण थांब," दादा म्हणाला, "केसांखालचं तुला दिसलं कसं?"

काजवालीने स्टूल ओढून तिच्या शेजारी आणलं. मास्तरने डोक्यावरून हात फिरवला, पाचही टाके बोटाने चाचपले.

"दादा, आधी खुर्चीत बस," ती म्हणाली. "आणि घाबरू नकोस. या खेपेला तुझा काही दोष नाही."