हमरस्त्यावर बाबांची चौकशी

रायपुरात बर्फ पडत नाही, ही बातमी त्या हिवाळ्यात मला ज्यानं त्यानं दिली. शाळेतल्या शिपायानं दिली, समता कॉलनीतल्या दाताच्या डॉक्टरानं माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना दिली. माझा जन्म याच गावात गेला, मला काय ते ठाऊक नव्हतं? पण चाकाच्या स्कीला बर्फ लागत नाही, हे ऐकून घ्यायला कोणालाच सवड नव्हती.

दोन-सव्वादोन फुटांची पट्टी, पुढं एक चाक, मागं एक. बुटाचा पंजा पट्टीला अडकवायचा, टाच मोकळी ठेवायची, आणि दोन लांब काठ्या डांबरावर रोवत स्वतःला पुढं ढकलायचं. ब्रेक नाही. आमचा एक मित्र पहाडात सीमेवरची नोकरी करून निवृत्त झाला, त्यानं येताना अशा तीन जोड्या आणल्या. त्याला आम्ही फौजीच म्हणतो. मी शाळेत पीटी शिकवते, म्हणून एक जोडी मी मागून घेतली. तिसरी गेली रायपुरातल्याच गुढियारीत, माझ्या लहानपणच्या शेजाऱ्याकडे. आम्ही तिघं एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वाढलो. हा तिसरा मालधक्क्यावर कारकून आहे, आणि आमच्यात सगळ्यात जास्त वेळा तोच पडायचा. रविवारी सकाळी नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर आमचा सराव चाले.

राज्य या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचं, ही कल्पना माझी. महाराष्ट्राच्या हद्दीवरून निघायचं, दुर्ग, रायपूर, आरंग, सरायपाली करत ओडिशाच्या हद्दीला लागायचं. तीनशेच्या आसपास किलोमीटर. नाताळच्या सुट्ट्या होत्या. फौजीची बायको गाडी घेऊन मागून येणार होती. फौजी लगेच हो म्हणाला. तिसरा दोन दिवसांनी म्हणाला, "आऊँगा. एक शर्त है. जहाँ भीड़ जमेगी, वहाँ रुकेंगे."

काहून, हे मी विचारलं नाही. त्याचे बाबा सव्वा वर्षापूर्वी घरातून निघून गेले होते. मूळचे अमरावतीकडचे, रेल्वेत मालगाडीच्या डब्यांची चाकं तपासायची नोकरी त्यांची. हातोडीनं चाक ठोकायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा. निवृत्तीनंतर हळूहळू सगळं विसरत गेले. आधी माणसांची नावं, मग घरातल्या खोल्या. एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि ते चालू लागले. ठाण्यात तक्रार झाली, खांबाखांबावर कागद चिकटले. लोक त्या कागदाशेजारी उभे राहून पान खायचे, वर मान करून बघायचे नाहीत. पण आम्ही तिघं चाकांवर थांबलो की दोन मिनिटांत तीस माणसं गोळा व्हायची. हे त्याच्या बरोबर लक्षात आलं होतं. चाळिशी उलटलेली तीन माणसं पायाला पट्ट्या बांधून उभी राहिल्यावर गाव दुसरं काय करणार?

असा आमचा प्रवास सुरू झाला. मी आणि फौजी पुढं, तो मागं, त्याच्यामागं दिवे लुकलुकवत वहिनींची गाडी. गाव आलं की तो आधी काठ्या बगलेत घ्यायचा. पोरं धावत यायची, मग बाया, मग पानठेल्यावरची माणसं. मंडीत धान विकायला आणलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असत, त्यांच्यावरून शेतकरी खाली उतरत. चाकाला हात लावून बघत, कुठून आले, कुठं चालले, मोटर कुठं आहे, सगळं विचारून होई. मग तो खिशातून फोटो काढायचा.

फोटो बाबांच्या निरोप समारंभाचा होता. कोट, टाय, गळ्यात हार, गुळगुळीत दाढी. दुसरा कुठला एवढा साफ आलाच नव्हता. गर्दी तो हातोहात फिरवायची, आणि कोणीतरी म्हणायचंच, "हव, देखे हन." हो, पाहिलंय. कुठं? "आगू डहर गिस." पुढच्या अंगाला गेले. दर गावात हेच. छत्तीसगढी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. समोरचा एवढ्या आशेनं विचारतो आहे, त्याला नाही म्हणून दुखवायचं कशाला, असा तो हव असतो. मला हे लहानपणापासून माहीत आहे, आणि त्यालाही माहीत असणार. तरी प्रत्येक हव नंतर त्याच्या काठ्या जोरात पडायच्या आणि तो आम्हाला मागं टाकायचा.

मी चिडखोर आहे, हे कबूल करते. दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर धरले होते, तिसऱ्या दिवशी आम्ही पुष्कळ मागं पडलो. दुर्गच्या अलीकडे एका मंडीपाशी तो तासभर थांबला. एका म्हाताऱ्यानं त्याला हव म्हटलं, शिवाय बाबांच्या अंगात निळा शर्ट होता म्हणून सांगितलं. बाबा घरातून पांढऱ्या बंडीत गेले होते. माझं डोकं फिरलं.

"तू काहून लहान पोरासारखं करून राहिला?" मी त्याला गर्दीबाहेर ओढलं. "हे लोक चांगुलपणानं हव म्हणतेत. तू हत्ती पाह्यला का म्हणून विचार, तरी हव म्हणतीन."

"मालूम है," तो म्हणाला.

"मग?"

"एक बार सुन लेता हूँ, तो अगले गाँव तक पहुँच जाता हूँ."

आयुष्यभर पोरांना शिट्टी मारून रांगेत उभं करणारी बाई मी, तिथं शेतकऱ्यांच्या पोत्यांमध्ये नुसती उभी राहिले. स्वतःची लाज वाटली. त्यानंतर किलोमीटर मोजणं मी सोडून दिलं.

चौथ्या संध्याकाळी रायपूर आलं. प्रवासाच्या मध्येच आपलं घर यावं, ही माझ्या आखणीतली मोठी चूक. हॉटेलात उतरलो असतो तर बरं झालं असतं. मी गुढियारीत त्याला घरी सोडायला गेले, तर त्याची आई ओट्यावरच बसलेली होती. काकूंनी त्याला काहीच विचारलं नाही. तो पाय धुवायला आत गेला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"कोनी पाह्यलं म्हन्ते का यायले?"

मला खरं सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. "हो काकू," मी म्हणाले, "पाह्यलं म्हन्ते. समोर गेले म्हन्ते."

"जेवले असतीन का वं?"

"हो. जेवले."

काकूंनी माझा हात सोडला आणि पदरानं तोंड पुसलं. आत जाऊन त्यांनी मला वाटीभर मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि चहा आणून दिला. तो मुर्रा मी कसा गिळला, माझं मला ठाऊक.

रायपूरच्या पुढं रस्ता मोकळा होत गेला. आरंगनंतर महानदीचा पूल लागला, मग पिथौऱ्याकडचं जंगल. उताराला आम्ही पाय फाकवून, चाकं घासत उतरायचो. तिथं पडलं तर हाडं गोळा करावी लागली असती. तो एकदा पडलाच. कोपर सोलून निघालं, आणि वहिनी औषध लावत असतानाही त्याचा दुसरा हात खिशावर होता. फौजी मला हळूच म्हणाला, "सरायपालीनंतर काय करन हा?" मला तेच कळत नव्हतं. सुट्ट्या संपत आल्या होत्या, सोमवारी माझी शाळा, त्याचा मालधक्का. हद्दीला पोचलो की आम्ही जिंकणार होतो, आणि त्याच्यापाशी विचारायला गाव उरणार नव्हतं.

सातव्या दिवशी, सरायपालीच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक ढाबा होता. पत्र्याची छपरी, चार खाटा, समोर सहा-सात ट्रक. ढाबा चालवणारी बाई पन्नाशीची असेल. नेहमीची गर्दी झाली, त्यानं नेहमीसारखा फोटो काढला. बाईनं हात पदराला पुसून तो घेतला, उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"नोहय," ती म्हणाली. हे ते नाहीत.

सात दिवसांत पहिल्यांदा कोणी नाही म्हणत होतं. तो फोटो परत घ्यायला हात पुढं करून तसाच उभा राहिला.

बाई सांगत होती, एक सियान इथं राहून गेले खरे. सियान म्हणजे वडीलधारा म्हातारा. पण ते असे नव्हते. दाढी छातीपर्यंत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. याच दिवाळीच्या सुमारास चालत आले, पंधरा दिवस राहिले. ताट वाढलं तरी आधी जेवायला बसत नसत. हातात एक काठी घेऊन समोर उभ्या असलेल्या सगळ्या ट्रकांची चाकं ठोकून बघत, कान लावून ऐकत, शेवटचं चाक झालं की मगच घास घेत. ड्रायव्हर आधी हसले, मग त्यांना चहा पाजू लागले.

तो पट्ट्यांसकट खाली बसला. बसला म्हणजे चाकं पायाखालून निसटली आणि तो डांबरावर आला. फौजीनं त्याला काखेत धरून खाटेवर आणलं. मी त्याच्या बुटांचे बंद सोडत होते, पण मला गाठ दिसेना, डोळे भरून आले होते.

"फिर?" त्यानं विचारलं. "कहाँ गए?"

एका सकाळी ती उठली तर खाट रिकामी होती. तिनं गावच्या कोटवाराला, म्हणजे कोतवालाला, सांगितलं, ड्रायव्हरांना विचारलं. कोणी म्हणालं ओडिशाकडे चालत गेले, कोणी म्हणालं ट्रकात बसले. तिला जे माहीत नव्हतं ते तिनं माहीत नाही म्हणूनच सांगितलं.

"कुछ बोलते थे?"

"ओकर गोठ समझ नइ आवय," बाई म्हणाली. त्यांचं बोलणं कळायचं नाही. "एके ठन बात ला घेरी-बेरी पूछय." एकच गोष्ट परत परत विचारायचे. पंधरा दिवस ऐकून तिला ती पाठ झाली होती. तिनं ती आमच्यासमोर जशीच्या तशी म्हणून दाखवली, शेवटी आवाज वर नेऊन, अगदी अमरावतीकडच्या म्हाताऱ्यासारखी:

"माहा पोट्टा कुठी हाये?"

बाबांना शेवटी हिंदी राहिली नव्हती. नोकरीभर बोलले ती भाषा आधी गेली, आणि आईच्या पोटातली तेवढी उरली. आणि हा त्यांचा पोट्टा जन्मात मराठी बोलला नाही. सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. आमच्या पाऱ्यातली निम्मी पोरं अशीच वाढली, त्यात वावगं असं कधी कोणाला वाटलं नाही.

"का पूछत रहिस?" बाईनं मला विचारलं. काय विचारत होते?

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंच सांगितलं, "अपने लड़के को पूछ रहे थे. कहाँ है."

"मिलिस का, लइका?" तिनं विचारलं. सापडला का मुलगा?

वहिनींनी गाडीतून पाण्याची बाटली आणली, ती कोणीच घेतली नाही. ट्रकवाले एक एक करून बाजूला सरकले.

मला वाटलं आता हा गाडीत बसेल. कोणी काही बोललं नसतं. पण त्यानं स्वतः उठून पट्ट्या चढवल्या. उरलेलं अंतर आम्ही तिघांनी कापलं. ओडिशाची पाटी लांबून दिसली. तिथं काठ्या वर करून कसं उभं राहायचं, हे मी महिनाभर मनात ठरवून ठेवलं होतं. वहिनींनी रायपूरहून झेंडूचे हारही आणले होते, डिकीत पाणी शिंपडून ठेवले होते. मी पाटीपाशी थांबले, फौजी थांबला. तो थांबला नाही. तो पाटीवरून सरळ पलीकडे निघून गेला.

"अरे, झालं," फौजी ओरडला. "संपलं इथं."

मी त्याच्या मागं सुटले. अर्ध्या किलोमीटरवर एका पंक्चरच्या दुकानापाशी तो सापडला. तोवर वीस-पंचवीस माणसं त्याच्याभोवती जमली होती. फोटो खिशातच होता. तो त्या ओडिया माणसांशी मराठीत बोलत होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याच्या तोंडून ऐकलेली पहिली मराठी ती. अडखळत होता, शब्द सापडत नव्हते, लिंगं चुकत होती. "माहे बाबा... तुम्ही पाह्यली का... ऐकली का कोनी..." माणसं एकमेकांकडे बघत होती.

"काय करून राहिला?" मी म्हटलं. "त्यायले मराठी समजते का?"

"शकल किसी ने नहीं पहचानी आज तक," तो म्हणाला. "बोली पहचानेंगे. पंद्रह दिन में उस औरत को याद हो गई ना?" मग त्यानं मान खाली घातली. "पर मेरी वैसी नहीं निकलती. तू बोल. बाबा जैसी."

भर रस्त्यात, परक्या मुलखात, हेल्मेट घातलेली एक बाई, आणि तिनं काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं. सोमवारी शाळा आहे, हेही त्या क्षणी मनात आलं, खोटं कशाला सांगू. मी गर्दीकडे वळले. बाबा आमच्या फाटकाशी उभे राहून ज्या सुरात बोलत, तो सूर आठवून मोठ्यानं म्हणाले, "माहा पोट्टा कुठी हाये?"

माणसं कान देऊन ऐकत होती. एकानं मान हलवली, नाही म्हणून. दुकानदारानं हवा भरायचं यंत्र बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"और एक बार," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं.