मनगटाला मानवणारा चेंडू

माझं डावं मनगट मोडलं ते कनेरगाव नाक्याजवळ. वाशीमच्या एका लग्नाहून आम्ही जीपमधून परत येत होतो, चहाला उतरलो, आणि ढाब्याच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला. हात टेकला तसा कट्ट असा आवाज झाला. आयुष्यभर मिलिटरी हॉस्पिटलात नर्स म्हणून काम केल्यामुळं क्ष-किरणाची वाट बघायची गरजच पडली नाही. भावाला म्हटलं, "दादा, गाडी हिंगोलीला घे. हाड गेलंय."

निवृत्तीनंतर मी आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं घर म्हणजे दादा आणि वहिनी. त्यांची मुलं पुण्याला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी सुट्टीपुरती घरी यायचे. वहिनी मला ताटावर बसवायच्या, वाढायच्या, जाताना पिशवीत हळद आणि तुरीची डाळ घालायच्या. आमच्यात एवढंच बोलणं. त्या मला पाहुणी समजायच्या आणि मीही पाहुणीसारखीच वागायचे.

सामानात माझी एक लांब कॅनव्हासची पिशवी होती. ती मी धान्याच्या कोठीमागं उभी करून ठेवली होती. तिच्यात गोल्फच्या काठ्या होत्या. छावणीत असताना एका मोठ्या डॉक्टरीण बाईंनी मला हा खेळ शिकवला होता. वॉर्डात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं. मैदानावर मात्र चेंडू ठेवायचा, मारायचा आणि त्याच्यामागं चालायचं, बस. मी फार चांगली खेळायचे असं नाही, पण खेळ कधी सोडला नाही. गावात मात्र काठ्या बाहेर काढायची लाज वाटायची. इथं मोकळ्या रानात एखादी साठीची बाई काठी घेऊन उभी राहिली, तर लोक विचारणारच की गुरं कुठंयत.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण पकड कमी झाली. त्याच सुमारास नागपूरच्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघींनी बरीच वर्षं एका हॉस्पिटलात काढलेली. निवृत्त बायकांसाठी नागपूरजवळच्या छावणीत थंडीत जोडीनं खेळायचे सामने व्हायचे. तिनं माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं.

"अगं, माझं मनगट!" मी म्हटलं.

"हाड जुळलं ना? मग मनगटालाही कळू दे की ते जुळलंय."

सोयाबीन नुकतंच निघालं होतं. रान मोकळं होतं. सकाळी दादा बाजाराला गेल्यावर मी पिशवी घेऊन गावातल्या विहारामागच्या आमच्या तुकड्यात गेले. निरोप समारंभात भेट मिळालेले चेंडू होते, स्पर्धेतले खेळाडू वापरतात तसले, महागडे. मी सात नंबरची लोखंडी काठी घेतली आणि एक मारला. हातात दगड आदळल्यासारखी कळ कोपरापर्यंत गेली. चेंडू जमिनीलगत सरपटत उजवीकडं बांधावर गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी घाबरून अर्धाच हात फिरवला आणि निम्मी काठी मातीत घातली.

मी खाली बसले. मनगट धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, झालं, हेही संपलं.

"काहून बसल्या ताई? काय झालं?"

बांधावर वहिनी उभ्या होत्या. हातात चाऱ्याचा भारा आणि माझा एक चेंडू.

मला सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ती पिशवी व्हय? मला ठाऊक हाय. कोठी सारवताना बघितली मी. म्हनलं, ताईला सांगायचं आसंल तवा सांगतीन."

दुपारी मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की मी येत नाही. तिनं विचारलं, "कोणता चेंडू मारतेस?" मी नाव सांगितलं. ती हसलीच. "अगं, तो जोरदार हात फिरवणाऱ्यांचा चेंडू. तुझा-माझा हात फिरतो केवढा! काठी लागली की चेंडू क्षणभर चपटा होतो, माहीत आहे ना? कडक चेंडू आपल्या मारानं नीट दबतच नाही, आणि सगळा हिसका हातात येतो. कमी कॉम्प्रेशनचा घे. मऊ. सहज दबणारा."

"त्यानं लांब जाईल?"

"लांब जाईल म्हणून घेऊ नकोस. फार फरक पडत नाही. हाताला कसा लागतो ते बघ. आणि आधी छोटे मार मारून बघ, मग मोठे."

तिनं तीन प्रकारचे चेंडू पाठवले. बाळापूरला पार्सल आणायला दादाच गेला. त्यानं डबा हलवून बघितला आणि घरी येऊन विचारलं, "ह्यात काय हाय बाई? अंडी हायत का?" आता त्यालाही सांगणं भाग पडलं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "हरबरा पेरायचा हाय त्या रानात. पेरणीच्या आत काय ते करून घे."

एक अडचण माझी मलाच ठाऊक होती. डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं की मला तसंच वाटायला लागणार. म्हणून मी वहिनींना म्हटलं, "चेंडूवरची अक्षरं झाकून टाका आणि कोणता कोणता ते मला सांगू नका." त्यांनी नेलपॉलिशची बाटली शोधून आणली. पुण्याच्या नातीची राहिलेली होती. तिन्ही प्रकारच्या चेंडूंवरची अक्षरं त्यांनी लाल रंगवली आणि स्वतःला ओळखू येतील अशा खुणा केल्या. कुठल्या खुणा ते मला सांगितलं नाही.

ओसरीत सतरंजी अंथरली, टोकाला पेला आडवा ठेवला. मी पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, घेऊन हळूच ढकलायचे आणि वहिनी चेंडू बदलत जायच्या. फरक मला आधी कानानं कळला. माझा जुना चेंडू टक्क असा वाजायचा. नव्यातला एक तर जवळजवळ वाजतच नव्हता, टप् असा दबका आवाज यायचा आणि पेल्याच्या अलीकडंच थांबायचा. त्याला थोडं जास्त ढकलावं लागत होतं. आठवडाभर ओसरीत हेच चाललं होतं. वहिनी एकदा म्हणाल्या, "ह्यो लई आळशी हाय," आणि आम्ही दोघी हसलो. त्या घरात आम्ही दोघी मिळून हसल्याचं मला तरी आधी आठवत नव्हतं.

मग रानात गेलो. आधी छोटे मार. सगळ्यात मऊ जो होता तो मनगटाला काहीच जाणवू द्यायचा नाही, पण जमिनीवर पडला की पुढं घरंगळत राहायचा. मला चेंडू टाकला तिथं थोडा तरी थांबलेला आवडतो. दुसरा त्याच्याहून जरासा कडक, पण जुन्याच्या मानानं मऊच. तो पडायचा, एकदा उसळायचा आणि आवरायचा. तिसरा मला जुन्यासारखाच वाटला. शेवटी मोठी काठी घेतली. दुसरा चेंडू मारला आणि मी मनगटाकडं बघत राहिले. कळ आली नाही. चेंडू वर गेला, जुन्यापेक्षा सरळ गेला. लांब? वहिनींनी पावलं मोजली आणि मान हलवली. जवळपास तेवढाच.

"हाच," मी म्हटलं.

"इतका मऊ?" वहिनींनी तो दाबून बघितला. बोटांनी दाबून कळतं थोडंच, पण त्या दाबून बघायच्या. "मला मारू द्या की एकदा."

मी त्यांना काठी धरायला शिकवलं. त्यांनी पदर खोचला, पाय रोवले आणि तूर झोडपावी तशी काठी फिरवली. पहिल्या वेळी चेंडू जागेवरच राहिला. दुसऱ्या वेळी लागला आणि बांधावरच्या लिंबाच्या झाडापलीकडं गेला. माझा सगळ्यात चांगला मारही लिंबापर्यंत पोचला नव्हता.

"लागल्यावानी वाटंना," त्या नाराजीनं म्हणाल्या. "मऊ भाकरीवर हात मारल्यावानी झालं. तुमचा तो जुना द्या."

तो कडक चेंडू त्यांनी मारला तेव्हा जो आवाज झाला, तो मी छावणीत फक्त तरुण अफसरांच्या काठीतून ऐकला होता. वहिनींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. त्या चेंडू पडला त्या दिशेला बघत होत्या आणि हात अजून वरच होता. "ह्यो बराबर हाय," त्या म्हणाल्या.

हरभरा पेरल्यावर आम्ही तांड्याकडच्या गायरानात जायला लागलो. तिथं गुरं यायच्या आधी थोडी मोकळी जागा मिळायची. चालताना वहिनी बोलायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटायचं, नोकरीवाली नणंद आपल्याला अडाणी समजते. मी म्हटलं, मला वाटायचं तुम्हाला मी आलेली आवडत नाही, म्हणून ताट वाढून झालं की तुम्ही आत निघून जाता. "आत कशाला जाईन मी," त्या म्हणाल्या, "चुलीवर भाकरी राहायची ना." एवढी साधी गोष्ट होती.

मी येते असं मैत्रिणीला कळवलं आणि सामन्यासाठी नागपूरला मी आणि वहिनी गेलो. सकाळी थंडी होती, आणि थंडीत प्रत्येक चेंडू जरा कडकच लागतो. मी माझे चेंडू जीपमध्ये न ठेवता स्वेटरच्या खिशात ठेवले. मैत्रीण आणि मी जोडीनं खेळलो. सुरुवात बरी झाली. मग एका ठिकाणी मध्ये तळं होतं. मैत्रीण म्हणाली, "बाजूनं घे." मला वाटलं, एवढ्या तयारीनंतर सरळ जाईल. मारला आणि तो तळ्याच्या मध्यावर पडला. मऊ चेंडूनं माझ्या हातात जोर भरला नव्हता, हे मला रानातच कळायला हवं होतं. हिरवळीवर ज्या खळग्यात चेंडू घालायचा, त्याच्या अलीकडंच तो दोनदा राहिला. ओसरीतली सतरंजी आणि तिथली हिरवळ सारखी नव्हती. पुढं मी थोडा जास्त जोर द्यायला लागले, तेव्हा जमलं. निकालात आम्ही मधोमध कुठंतरी आलो. पण सगळे खळगे मी न थांबता खेळले, आणि नंतर चहाची किटली डाव्या हातानं उचलून सगळ्यांना चहा ओतला.

तोवर वहिनी सरावाच्या जागेवर गेल्या होत्या. मी पोचले तेव्हा दोन-चार बायका त्यांच्यामागं उभ्या होत्या. मैत्रिणीनं विचारलं, "किती वर्षं खेळतात?"

"सोयाबीन निघाल्यापासून," वहिनीच म्हणाल्या.

परत येताना वाकडी वाट करून औंढ्याला दर्शनाला वळलो, तर तिथं गर्दी होती, रस्ता अडला होता. गाडी बराच वेळ उभी राहिली. मैत्रिणीनं तिच्या जुन्या काठ्यांपैकी काही वहिनींना दिल्या होत्या. त्या त्यांनी मांडीवर आडव्या धरल्या होत्या. मी विचारलं, दादाला काय सांगायचं?

"काय सांगायचं? तूर झोडपायच्या दिवसांत मी येणार न्हाई म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी येते."

तसंच ठरलं. पावसाळ्यात माझं मनगट दुखतं, तेव्हा मी फक्त ओसरीत पटर घेते. तुरीच्या दिवसांत वहिनी शेतात असतात, तेव्हा मी एकटी गायरानात जाते आणि चेंडूही माझे मीच शोधते. उरलेल्या दिवसांत आम्ही दोन वेगळे डबे घेऊन निघतो. त्यांच्या डब्यातला चेंडू मी मारत नाही आणि माझा त्या मागत नाहीत.