हात धर तिचे

"अगं, हात धर तिचे! घट्ट धर!"

मी धरले.

माझी पाच वर्षांची मुलगी, सई, सोसायटीच्या हॉलमध्ये पाटावर बसली होती. काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचा हार. संक्रांतीचं बोरन्हाण. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. ओतत होत्या सेक्रेटरींच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू. पहिलं बोर डोक्यावर पडलं, सई किंचाळली आणि काकूंनी मला तिचे हात धरायला सांगितलं.

सईला ऑटिझम आहे. डोक्यावर काही पडलेलं तिला सोसत नाही. तिचे केसही मी ओल्या फडक्याने पुसून घेते. त्या हॉलमध्ये हे माहीत असलेली मी एकटीच. आणि हात मीच धरले होते.

मुलुंडची आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला. मागची विंग आमची, पुढची विकत घेणाऱ्यांची. पुढचे आम्हाला 'फुकटवाले' म्हणतात. बोलावणं आलं तेव्हा मी हुरळले. वाटलं, सई चार मुलांसारखी पाटावर बसली, फोटो निघाला, की तिच्याबद्दलची कुजबुज थांबेल. हलव्याचा एकेक दाणा मी स्वतः ओवला. तो तिला टोचणार, हेही माहीत होतं.

काकूंनी दुसरी वाटी ओतली. सई माझ्या मनगटाला चावली, हार तोडून दाराकडे पळाली. हलवा फरशीभर.

"तुमच्या विंगमध्ये मुलांना वळण लावतच नाहीत का गं?" काकू म्हणाल्या.

मागून कुणीतरी हसलं. "मोबाईल देत असेल दिवसभर हातात."

"डिलिव्हरीच्या वेळी काही झालं होतं का?" काकूंनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "बरं, तिला जरा बाहेर ने. ग्रुप फोटो राहिलाय ना."

"सॉरी काकू," मी म्हणाले.

आणि खाली वाकले. सई दारात कानांवर हात दाबून रडत होती. मी आधी फरशी झाडली.

गिरणी बंद पडल्यावरही माझे बाबा मोर्चाला जायचे. त्यांची पत्रकं घड्या घालून मी चाळीत वाटायची. कॉलेजात तर स्वतः लिहिली. 'झुकणार नाही' हे शब्द किती पत्रकांत लिहिले असतील! आणि वाकले कुठे, तर चुरमुऱ्यांसाठी. माझ्याच पोरीला दारात रडत ठेवून.

मनगटावरची दातांची खूण आठवड्यात गेली. राहिली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी काकू हळदीकुंकवाचं बोलवायला दारात आल्या. "तू नक्की ये हं. वाण ठेवलंय तुझं. सईला मात्र आईकडे ठेव. मागच्या वर्षीसारखं नको. तिलाच त्रास होतो ना."

ओठांवर "बरं काकू" आलंच होतं. मागे वळून पाहिलं, तर सई भिंतीला पाठ लावून उभी होती. काकूंचा आवाज ऐकून तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. काकूंपासून नव्हे. माझ्याकडे बघत होती ती.

"काकू, तो त्रास तुम्ही आणि मी दिला," मी म्हणाले. "तुम्ही ओतलंत, मी धरलं."

"अगं, मी प्रेमानं..."

"तेव्हा तुम्हाला सॉरी म्हणाले होते. ते परत घेते. जिला म्हणायचं तिला म्हटलंच नाही. वाण नको मला. हॉल आमचाही आहे. यायचं की नाही ते सई ठरवेल. तिला नको असेल तर मीही नाही. ती आली, तर फोटोतून तिला कुणी बाहेर काढणार नाही."

"एवढं काय लागलं गं तुला!" म्हणत त्या लिफ्टकडे गेल्या.

मी सईसमोर बसून सॉरी म्हणाले. ती पंख्याकडे बघत राहिली. कळलं नाही, की कळूनही माफ केलं नाही? मला माहीत नाही. माफी मिळावी असं मी अजून काही केलेलंही नाही.

अजूनही रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला की तिचे हात पाठीमागे जातात. मग मी तिच्या फ्रॉकची बाही धरते आणि गाड्या थांबेपर्यंत उभी राहते. हॉर्न वाजतात, मागचे लोक शिव्या घालतात. वाजू देत. तिने हात दिला तरच घेईन. आणि पुन्हा कुणी मला म्हणालं, 'धर तिला', तर आधी त्याचा हात धरेन.