उत्तेजनार्थ बक्षीस
माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार मामांचे. त्यांनीच मला गावाहून दापोडीला आणून शिकवलं. मशीनच्या तेलाचा वास आला की शाळेतली वेषभूषा स्पर्धा आठवते. टीव्हीवरच्या एका मालिकेत जग वाचवणारी पोरं होती. त्यातला निळ्या पोशाखातला, चष्मेवाला, डोक्याने लढणारा मला व्हायचं होतं. मामांनी कंपनीतला आपला जुना निळा बॉयलर सूट कापून, हातानेच टाके घालून माझ्या मापाचा केला. कितीही धुतला तरी त्याचा वास गेला नाही. मंचावर मी त्या पोरासारखं विज्ञानातलं अवघड काहीबाही धडाधड बोललो. बाईंनी हसून माइकवर सांगितलं, "उत्तेजनार्थ बक्षीस, कामगार झालेल्या मुलाला." मागून एकजण ओरडला, "भावा, शिफ्ट सुटली का?" मामा मात्र टाळ्या वाजवत राहिले. घरी येताना म्हणाले, "तू कोण झाला व्हतास ते मला ठावं हाय. पण हे कापड पुन्हा अंगाला लावू नगंस. शिक." मी शिकलो. मागच्या महिन्यात, आता गावी परतलेल्या मामांना पत्र लिहिलं: "मामा, इंजिनिअर झालो, आपल्या घरातला पहिलाच. चाकणला नोकरी लागली, सध्या कंत्राटी आहे. कंपनीने बॉयलर सूट दिलाय, म्हणून फोटो पाठवत नाही."